दक्षिण ट्रॅपमधील सधर्मी थरांचा शोध : ठाणे-कल्याण परिसराच्या निमित्ताने

भूपृष्ठाखालील खडकांची रचना कागदावर उतरविणाऱ्या अभ्यासकाजवळ प्रत्यक्ष पुरावा नेहमीच अपुरा असतो. जमिनीत घेतलेली काही वेधनछिद्रे, त्यांतून बाहेर काढलेल्या दगडी कांड्या आणि दोन छिद्रांमधील शेकडो मीटरांचा न दिसणारा भाग, एवढ्यावरून त्यास संपूर्ण चित्र उभे करावयाचे असते. मधला भाग भरून काढण्याचा एक जुना मार्ग असा, की आपल्या खडकाशी जुळणारा खडक अन्यत्र कोठे उघडा पडला असेल तो हुडकावा व तेथील रचना येथेही असावी असे गृहीत धरून पुढे जावे. अशा जुळणाऱ्या थरांना प्रस्तुत लेखात 'सधर्मी' म्हटले आहे. गेल्या चार दशकांत या शोधाचे काम उत्तरोत्तर संगणकाकडे गेले. संगणक जेव्हा 'हा थर त्या थरासारखा आहे' असे सांगतो तेव्हा तो नेमके काय सांगतो, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्याचा येथे हेतू आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल.

उदाहरणासाठी ठाणे-कल्याण परिसर घेण्यास कारण आहे. नाणेघाटाच्या किंवा माळशेजच्या कड्याकडे पाहिले असता लाव्ह्याचे थर एकावर एक जवळजवळ आडवे रचलेले दिसतात व त्यांच्या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. 'ट्रॅप' हा शब्दच मुळी जिन्यावाचक स्वीडिश शब्दावरून आला आहे. (सापळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही, परंतु विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून हा सापळा अजून नाहीसा झालेला नाही.) घाट उतरून खाडीकडे येऊ लागले म्हणजे मात्र हा जिना मोडतो. थर पश्चिमेकडे कलतात, हा कल ठिकठिकाणी पाच-दहा अंशांपर्यंत व क्वचित त्याहून अधिक होतो, आणि त्यांतून असंख्य उभ्या भित्ती घुसलेल्या आढळतात. घाटावर एखादा थर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे कळले की त्याचे क्रमातील स्थान बव्हंशी कळते. ठाण्यास उंचीचा हा पुरावा निकामी ठरतो. तेव्हा येथील खडक घाटातील कोणत्या थराशी जुळतो हे ठरविण्यास दुसरी काही खूण हवी. तिच्या शोधाचा इतिहास हाच आपला विषय.

पहिली पिढी डोळ्यांवर विसंबणारी होती. कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या आडव्या थरांचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत गेला; मुंब्र्याजवळ डोंगर फोडावा लागला. एच. जे. कार्टर यांनी १८५७ साली पश्चिम भारतावरील भूशास्त्रीय निबंधांचा संग्रह मुंबईत छापला. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६० च्या दशकात ट्रॅपचे थर मोठ्या प्रदेशावर हिंडून तपासले. त्यांची पद्धत सरळ होती. थर डोळ्यांनी पाहावा, त्यामागोमाग चालत जावे, व तो दिसेनासा झाला की पुढच्या डोंगरात त्याच रंगाचा, त्याच पोताचा थर शोधावा. परंतु सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला हा काळा कातळ पोताने इतका एकसारखा, की 'त्यासारखा' थर बहुतेक प्रत्येक डोंगरात सापडतो. साधर्म्य विपुल असले म्हणजे त्याची किंमत कमी होते.

१९४९ साली जे. बी. ऑडेन यांनी पश्चिम भारतातील भित्तींवर निबंध लिहिला. पश्चिमेकडील कलास 'पनवेल वाक' हे नाव रूढ झाले ते त्यातून. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील र. न. सुखेश्वाला यांनी पोल्डरव्हार्ट यांच्यासह मुंबई परिसरातील बेसाल्टांवर जे लिहिले, त्यात रासायनिक विविधतेकडे लक्ष वेधले होते. त्याच दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे व त्यांचे सहकारी ट्रॅपमधील अवशिष्ट चुंबकत्व मोजीत होते. खालच्या व वरच्या थरांतील चुंबकीय दिशा उलटसुलट आहे, ही क्रम लावण्यास उपयोगी पडणारी दुसरी खूण त्यातून दृढ झाली. तथापि चुंबकत्वाची खूण दोन-तीनच मूल्ये घेऊ शकते. एवढ्या थोड्या अक्षरांच्या लिपीत फार शब्द लिहिता येत नाहीत.

खरा पालट १९८० नंतर झाला. महाड-महाबळेश्वर घाटातील नमुन्यांच्या रासायनिक पृथक्करणापासून सुरुवात होऊन १९८६ साली बीन, टर्नर, हूपर, सुब्बाराव व वॉल्श यांनी सह्याद्रीच्या कड्यांतील थरांची रासायनिक वर्गवारी मांडली. यांपैकी के. व्ही. सुब्बाराव पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत होते, व पीटर हूपर अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या बेसाल्टांचे जाणते अभ्यासक होते. तेथे सिद्ध झालेली पद्धत त्यांनी इकडे आणली. टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम इत्यादींचे प्रमाण व स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर यांवरून थरांचे गट पडले आणि त्यांस गावांची नावे मिळाली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, व त्यांवर पन्हाळा आणि देसूर. यांतील जव्हार त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेले. बुशे शैलसमूहात पृथ्वीच्या कवचातील द्रव्याची भेसळ सर्वांत अधिक आहे, तर आंबेनळीत ती सर्वांत कमी. अशी टोके स्पष्ट असली तरी मधले गट एकमेकांत मिसळतात. कोणत्याही एका मूलद्रव्यावरून निर्णय होत नाही, व दहा-बारा मूलद्रव्ये एकदम डोळ्यांसमोर धरणे माणसास शक्य नसते. गणिताची गरज उत्पन्न झाली ती येथे.

हे गणित मात्र आधीपासून तयार होते, आणि ते खडकांसाठी तयार झालेले नव्हते. १९२० साली नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले असताना नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे गणिती विश्लेषण करावयास सुचविले. दोन मानवसमूह एकमेकांस किती जवळचे, हा त्यातील प्रश्न. त्यावर विचार करता करता महालनोबिस यांनी १९३६ साली 'व्यापक अंतरा'ची संकल्पना प्रसिद्ध केली. इंग्लंडात रोनल्ड फिशर यांनी त्याच वर्षी आपले भेदक-फलन मांडले. योगायोग असा, की नागपूर हे ट्रॅपच्या सीमेवरचे शहर आहे : सीताबर्डीची टेकडी ट्रॅपची, आणि शहराच्या पूर्वेस ट्रॅप संपून जुने खडक लागतात.

महालनोबिस यांच्या अंतराचे मर्म असे. दोन नमुन्यांतील प्रत्येक घटकाचा फरक मोजून नुसती बेरीज केली तर फसगत होते. शिलारस निवू लागला म्हणजे त्यातील मॅग्नेशियम उतरते व त्याबरोबरच टायटॅनियम चढते. हे दोन फरक वस्तुतः एकाच कारणाचे असून बेरजेत ते दोनदा मोजले जातात. शिवाय जो घटक मुळातच फार हेलकावे खातो त्यातील मोठ्या फरकास फारसा अर्थ नसतो, आणि जो स्थिर असतो त्यातील लहानसा फरकही बोलका असतो. महालनोबिस यांच्या मापात या दोन्ही गोष्टींचा हिशेब होतो. एखाद्या अज्ञात नमुन्याचे प्रत्येक ज्ञात गटाच्या मध्यापासूनचे असे अंतर काढावे व ज्याचे सर्वांत कमी त्या गटात नमुना घालावा, ही संगणकीय शोधाची मूळ कल्पना. आजचे नवे प्रकार कितीही गुंतागुंतीचे असोत, 'जवळचा शेजारी कोण' हाच प्रश्न त्यांच्या तळाशी असतो.

दक्षिण ट्रॅपमध्ये या पद्धतीचा उपयोग प्रथम दूरच्या थरांची ओळख पटविण्यास झाला. पेंग, महोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ईशान्येकडील, म्हणजे जबलपूर-मंडला बाजूच्या लाव्ह्यांची सह्याद्रीतील गटांशी तुलना केली. मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून पुष्कळ थर पोलादपूर किंवा आंबेनळीशी जुळत होते. एवढ्यावरच थांबले असते तर सह्याद्रीपासून जबलपूरपर्यंत एकच लाव्हा वाहत गेला, असे भव्य विधान करता आले असते. परंतु शिशाच्या समस्थानिकांची गुणोत्तरे काढली तेव्हा त्यांतील बरेच थर निराळे निघाले. बाह्य लक्षणे सारखी असूनही उगम एक नव्हता.

याच्या उलट उदाहरण आंध्रातील राजमहेंद्रीचे. तेथे समुद्रकिनाऱ्यालगत ट्रॅपचा एक सुटा तुकडा आहे. सेल्फ, जे, विडोसन व केस्थेली यांनी २००८ साली दाखविले, की तेथील थर रासायनिक रचनेने आंबेनळी व महाबळेश्वर गटांशी जुळतात आणि चुंबकीय क्रमही त्यास अनुकूल आहे. सह्याद्री तेथून सुमारे १००० किलोमीटर दूर. येथे अनेक परस्परस्वतंत्र पुरावे एका दिशेने गेले, म्हणून 'सारखे' वरून 'तेच' या निष्कर्षावर येणे बरेच सयुक्तिक ठरले.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही दोन उदाहरणे अगदी ओळखीची वाटतील. 'बदनाम' या शब्दातील फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार व अर्थ दोन्ही जवळजवळ एकच आहेत. तरी त्यांचे मूळ एक नाही, ते साम्य निव्वळ योगायोगाचे. उलट मराठी 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' यांत कानास एकही ध्वनी समान लागत नाही, परंतु दोन्ही एकाच आदिम धातूपासून आलेले आहेत. गेल्या दोन शतकांत तौलनिक व्याकरणाने एक विवेक कष्टाने मिळविला : सादृश्य निराळे, नाते निराळे. पहिले मोजता येते. दुसरे सिद्ध करावे लागते, व त्यास नियमित बदलांची साखळी लागते. अंतर काढणारे कोणतेही यंत्र पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देते. ते दुसऱ्याचे समजून घेतले जाते, हा यंत्राचा दोष नव्हे.

भेदक-पद्धतीत आणखी एक अडचण आहे व ती ठाण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. निकटतम गट निवडावयाचा एवढाच नियम ठेविला, तर नमुना दिलेल्या गटांपैकी कोठेतरी बसविला जातोच. त्याचा खरा गट यादीतच नसेल तरी यंत्र गप्प बसत नाही. कोकणी व वऱ्हाडी एवढ्या दोनच बोली ठाऊक असलेल्या परीक्षकापुढे अहिराणी बोलणारा उभा केला तर तो त्यास दोहोंपैकी एकीत घालील, तसाच हा प्रकार. आणि मुंबई-साष्टीकडील खडकांची गोष्ट अशीच आहे. घाटातील बेसाल्टांचा मुख्य भाग सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा; परंतु मुंबईतील ट्रॅकाइट खडकांची वये शेठ, पांडे व भूटानी यांनी २००१ साली प्रसिद्ध केली ती सुमारे ६ कोटी ते ६ कोटी २० लक्ष वर्षे, म्हणजे स्पष्टपणे अलीकडची आहेत. सेठना यांनी १९९९ साली या परिसरासाठी 'साष्टी उपसमूह' असे स्वतंत्र नाव सुचविले होते. खाडीकाठचा एखादा नमुना घाटातील बारा नावांच्या यादीशीच ताडून पाहिला, तर उत्तर मिळेल, आणि ते चुकीचे असण्याचा संभव राहील. अशा वेळी निकटतम गटाचे नाव पुरे होत नाही. त्याच्यापासूनचे अंतरही सांगावयास हवे, आणि ते मर्यादेबाहेर असेल तर 'यांपैकी कोणीही नव्हे' असे म्हणण्याची सोय हवी.

भित्तींच्या बाबतीत मात्र या पद्धतीने चांगले फळ दिले. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्याच आज भित्तींच्या रूपाने दिसतात. तेव्हा कोणत्या भित्तीने कोणत्या थरास पुरवठा केला हे रासायनिक साम्यावरून शोधता येते. व्हँडरक्लायसेन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात नाशिक-पुणे टापूतील, ठरावीक दिशा नसलेल्या भित्तींपैकी पुष्कळ वरच्या थरांशी, म्हणजे पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर गटांशी जुळल्या. येथे प्रश्नच नात्याचा होता, आणि भित्ती व थर यांचा प्रत्यक्ष संबंध भूमीवर तपासणे काही ठिकाणी तरी शक्य होते.

परंतु बोगदा खणणाऱ्यास नात्याशी काय कर्तव्य? त्यास हवे असते आकाराचे ज्ञान : थर अखंड आहे की लहान लहान लोळ एकमेकांवर लोळलेले आहेत, मधला तांबडा मातकट थर किती जाड, पाणी कोठून शिरेल. १९७१ च्या सुमारास जॉर्ज वॉकर यांनी लाव्ह्याचे 'साधे' व 'संयुक्त' असे दोन प्रकार सांगितले, त्यांत दख्खनची उदाहरणे होती. पुढे हवाई बेटांतील जिवंत लाव्ह्याच्या निरीक्षणावरून, जाड दिसणारा थर पातळ लाव्हा आतून फुगत जाऊन होतो असे कळले, व १९९९ साली केस्थेली, सेल्फ व थोरडार्सन यांनी तो विचार दख्खनला लावला. 'पाहोएहोए' व 'आआ' हे हवाईचे लोकशब्द अशा रीतीने सह्याद्रीत आले. आपल्या विहीर खणणाऱ्यांचे 'काळा पाषाण' व 'मांजऱ्या' हे शब्द, एक घट्ट खडकासाठी व दुसरा पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेल्या ठिसूळ खडकासाठी, शेकडो विहिरींच्या अनुभवावर घडलेले असूनही शास्त्रीय लेखनाच्या उंबरठ्यावरच राहिले, ही खेदाची गोष्ट होय. पाणी कोठे लागेल हे सांगण्यास ते अजिबात कमी नाहीत.

आकाराच्या या प्रश्नासाठी दुसरे एक गणित निघाले. १९९३ साली ग्वार्डियानो व श्रीवास्तव यांनी अशी कल्पना मांडली, की उघड्या कड्याचे किंवा तत्सम रचनेचे चित्र संगणकास आदर्श म्हणून द्यावे. संगणकाने त्यातील आकृतिबंध वेचून, वेधनछिद्रांतील नोंदींना धक्का न लावता, न दिसणाऱ्या भागात ते भरावेत. २००२ साली स्ट्रेबेल यांनी ही रीत व्यवहारात आणण्याजोगी वेगवान केली. तिचा जन्म तेलाच्या साठ्यांसाठी वाळूचे प्राचीन प्रवाह रेखाटण्यातून झाला. परंतु तत्त्वतः माळशेजच्या कड्याचे छायाचित्र खाडीखालील खडकासाठी आदर्श म्हणून वापरता येईल. 'येईल' म्हणताना एक अट घातली पाहिजे : आदर्श कोणता निवडावा हे ती रीत सांगत नाही. तो निर्णय माणसाचा, आणि तोच चुकला तर पुढील सर्व गणित अचूकपणे चुकते. रासायनिक दृष्ट्या भिन्न अशा दोन गटांत लाव्ह्याचा आकार एकसारखा असू शकतो, आणि एकाच गटात तो निरनिराळा असू शकतो. म्हणून रासायनिक सधर्मी हाच आकाराचाही सधर्मी, असे धरून चालता येत नाही.

वरून सारखे दिसणारे खाली किती निराळे असते याचे प्रत्यक्ष प्रमाण वेधनछिद्रांनीच दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात ट्रॅपची जाडी ३३८ मीटर भरली व तळाशी गाळाचा एक पातळ थर लागला. कोयनेच्या परिसरात, जेथे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, गोठणे येथील सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रात ट्रॅप १२४७ मीटरांवर संपला व खाली थेट ग्रॅनाइटवर्गीय पुरातन खडक लागले. भूपृष्ठावरील काळ्या दगडाचे तुकडे हातात घेऊन हा भेद कोणास सांगता आला नसता.

अलीकडे शोधाचा तिसरा प्रकार पुढे आला आहे, आणि तो तर आमच्याच शास्त्रातून उसना घेतलेला आहे. हॅरिस यांनी १९५४ साली व फर्थ यांनी १९५७ साली निरनिराळ्या वाटांनी असे प्रतिपादिले, की शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारी येणाऱ्या शब्दांवरून ओळखता येतो. या तत्त्वावर लाखो निबंधांतील शब्दांना अंकांची स्थाने देऊन संगणक 'अर्थाने जवळचे' शब्द काढतो. पदारियान व फुएन्तेस यांनी २०१९ साली केवळ भूशास्त्रीय लेखनावर अशी शब्दस्थाने तयार केली. यामुळे मोजमापांऐवजी वर्णनांतून सधर्मी शोधणे शक्य झाले. जुने अहवाल, खणकामाच्या नोंदी, सर्वेक्षणाच्या टिपा यांत जे केवळ शब्दांत आहे तेही आता तुलनेत येऊ शकते, हा मोठाच लाभ आहे.

पण येथे नावांचा प्रश्न उभा राहतो. वर सांगितलेली बारा नावे रासायनिक कसोटीवरची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गोडबोले, राणा व नातू यांनी १९९६ साली पश्चिम महाराष्ट्रासाठी दिलेला क्रम निराळा आहे : साल्हेर, खालचा व वरचा रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर. तो प्रत्यक्ष क्षेत्रातील थरांच्या रूपावर आणि मोठाल्या फेल्स्पार स्फटिकांच्या खुणेच्या थरांवर आधारलेला आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु त्यांतून एकाच कड्यास दोन नावे मिळतात, म्हणजे पर्यायशब्द उत्पन्न होतात. आणि 'महाबळेश्वर' हे एकच नाव दोन निरनिराळ्या कसोट्यांनी आखलेल्या वस्तूंना लागते, म्हणजे भिन्नार्थी समशब्दही उत्पन्न होतो. पर्यायांमुळे संगणकाच्या हातून जुळणारी नोंद निसटते, आणि समशब्दांमुळे न जुळणारी नोंद जुळल्यासारखी दिसते. दुसरा दोष अधिक घातक, कारण तो उघडकीस येत नाही. त्यात इंग्रजी लेखनातील थाना-ठाणे, सालसेट-साष्टी अशी स्थलनामे, 'ठाकुरवाडी'ची दोन-दोन वर्णलेखने व याच नावाच्या अनेक वाड्या यांची भर पडते.

ही चर्चा केवळ शब्दांची नाही. ठाणे परिसरात पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा १९१६ साली वापरात आला. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती लोहमार्गासाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटर भूमिगत मार्ग आखला असून त्यातील सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातो. त्यापैकी घणसोली-शिळफाटा हा सुमारे ४.९ किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. अशा प्रत्येक कामात जे खडक लागतात त्यांचे वर्णन कोणीतरी, कोणत्यातरी परिभाषेत लिहून ठेवतो, आणि पुढच्या बोगद्याचा आराखडा करणारा त्या वर्णनात सधर्मी शोधतो. एकाने 'घट्ट बेसाल्ट' लिहिले व दुसऱ्याने तोच खडक 'फुगलेल्या पाहोएहोएचा गाभा' म्हणून नोंदला, तर हे दोन सख्खे शेजारी यंत्रास परके वाटतील. पनवेल वाकाच्या पश्चिमेस, जेथे उंचीवरून क्रम लागत नाही, तेथे पाण्याने भरलेली भित्ती पुढे आडवी येणार की नाही हा अंदाज या नोंदींच्या जुळणीवरच बराचसा अवलंबून राहतो, आणि आत काम करणारी माणसे त्या अंदाजावर विसंबलेली असतात.

तेव्हा ठाणे-कल्याण परिसरातील खणकामाच्या व वेधनछिद्रांच्या नोंदी संगणकास देण्यापूर्वी त्यांची एक तुलनात्मक नामसूची तयार होणे इष्ट आहे. प्रत्येक नोंदीत प्रत्यक्ष काय पाहिले ते एका रकान्यात, कोणत्या कसोटीने पाहिले ते दुसऱ्यात आणि कोणते नाव दिले ते तिसऱ्यात असावे. विहीर खणणाऱ्यांच्या बोलीतील शब्दांस चौथा रकाना ठेविल्यास उत्तम. कोशकारास ही रीत नवी नाही. मुंब्रा, शिळ व मुरबाड या तीन ठिकाणांपासून आरंभ केल्यास वाकाच्या खाडीकडील बाजूस व घाटाकडील बाजूस एकच खडक कोणकोणत्या नावांनी वावरतो याची पहिली गणती हाती येईल.